गोल फिरणारा उंदीर नेमकं काय सांगतो?

पीएचडीच्या माझ्या पहिल्याच मुलाखतीतला एक प्रश्न आजही माझ्या डोक्यातून जात नाही. एमएस्सीला मी पार्किन्सन्सवर सेमिनार दिला होता, त्यामुळे उंदरांचं ते प्रसिद्ध मॉडेल मला तोंडपाठ होतं. मेंदूच्या एकाच बाजूचं डोपामिन नष्ट केलं की उंदीर गोल गोल फिरतो, त्याच्या मेंदूत नव्या पेशी बसवल्या की फिरणं थांबतं, हे सगळं मी धडाधड सांगून टाकलं. पॅनेलवरच्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "बरं, उंदीर फिरायचा थांबला. म्हणजे त्याचा पार्किन्सन्स बरा झाला का?"

मी म्हणाले, "हो मॅडम."

त्यांनी मान डोलावली, समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. तिथे माझं सिलेक्शन झालं नाही. पुढे दुसरीकडे प्रवेश मिळाला, आता थीसिसचं तिसरं वर्ष चालू आहे आणि मी रोज त्याच उंदरांबरोबर काम करते. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला पुस्तकातून मिळालं नाही. या संशोधनाचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास वाचला तेव्हा ते कळलं. तुमच्यापैकी बरेच जण नेट, गेट किंवा पीएचडीच्या मुलाखतींची तयारी करताय, म्हणून तो इतिहास आज तुमच्यासमोर मांडते.

(एक खुलासा आधीच करते. मराठीत रॅट आणि माऊस दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. या लेखात उंदीर म्हणजे रॅट. जिथे माऊस असेल तिथे तसं लिहीन.)

आधी डोपामिनचा हिशेब

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचं वर्णन लिहिलं. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात. हात थरथरतात, हालचाली मंदावतात, अंग ताठ होतं. पण मेंदूत नेमकं काय बिघडतं हे कळायला पुढे जवळपास दीडशे वर्षं जावी लागली.

पहिला धागा सापडला १९५७ मध्ये, स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात. आर्विद कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांना रिसर्पिन नावाचं औषध दिलं. हे औषध आपल्या सर्पगंधा वनस्पतीतून आलेलं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधाच्या रक्तदाबावरच्या परिणामाबद्दल लिहिलं आणि त्यानंतर जगाचं लक्ष या वनस्पतीकडे गेलं होतं. तर रिसर्पिन दिल्यावर ससे निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात ते उठून हिंडायला लागले. एल-डोपापासून शरीरात डोपामिन तयार होतं. म्हणजे हालचालीसाठी डोपामिन लागतं, असा अंदाज बांधता आला. याच कामासाठी कार्लसन यांना पुढे २००० साली नोबेल मिळालं.

१९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि होर्निकिएविच यांनी पार्किन्सन्सने गेलेल्या व्यक्तींचे मेंदू तपासले. मेंदूच्या स्ट्रायटम या भागात डोपामिन फारच कमी सापडलं. हे डोपामिन तिथे कुठून येतं? मध्यमेंदूतल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाच्या काळसर पट्ट्यातल्या न्यूरॉनकडून. त्या पेशी मरतात, त्यांचे लांब धागे सुकतात आणि स्ट्रायटम कोरडा पडतो.

यातून औषध आलं. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी एल-डोपा मोठ्या डोसमध्ये तोंडावाटे देऊन पेशंट चालते केले. (हेच एल-डोपा आपल्या खाजकुयलीच्या बियांत भरपूर असतं. १९३७ मध्येच मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते त्यातून वेगळं काढलं होतं, पण त्याचा पार्किन्सन्सशी संबंध असेल हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.) मात्र काही वर्षांतच लक्षात आलं, की गोळीचा असर लवकर उतरायला लागतो आणि अंगाला नको असलेल्या वेड्यावाकड्या हालचाली सुरू होतात. या हालचालींना डिस्कायनेशिया म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे फार महत्त्वाचा आहे.

मग साधा विचार पुढे आला. पेशीच गेल्या आहेत, तर बाहेरून डोपामिन देत बसण्यापेक्षा पेशीच का बसवू नयेत?

उंदीर गोल का फिरतो?

पण हे करून बघायचं कशावर? उंदराला आपणहून पार्किन्सन्स होत नाही. इथे स्टॉकहोममधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटचे उर्बान उंगरस्टेट येतात. १९६८ मध्ये त्यांनी ६-हायड्रॉक्सीडोपामिन हे रसायन बारीक सुईने उंदराच्या मेंदूत सोडलं. हे रसायन दिसायला डोपामिनसारखं असल्यामुळे डोपामिनचे न्यूरॉन ते आत ओढून घेतात आणि मरतात. रक्तातून ते मेंदूत शिरत नाही, त्यामुळे सुई थेट मेंदूतच घालावी लागते.

दोन्ही बाजूंना हे केलं तर उंदीर खाणं-पिणंच सोडतो आणि मरू शकतो. म्हणून एकाच बाजूला करतात. आणि त्यातूनच ते प्रसिद्ध गोल फिरणं येतं.

हे समजायला बैलगाडी डोळ्यासमोर आणा. एक बैल दमला आणि दुसरा जोर लावतोय, तर गाडी दमलेल्या बैलाच्या बाजूला वळते. उंदराला ॲम्फेटामिन दिलं की निरोगी बाजूचे न्यूरॉन भरपूर डोपामिन सोडतात, बिघडलेल्या बाजूकडे सोडायला काही नसतं. उंदीर बिघडलेल्या बाजूकडे गोल फिरत राहतो. ॲपोमॉर्फिन दिलं तर उलटं होतं. हे औषध थेट रिसेप्टरवर काम करतं, आणि डोपामिनवाचून उपाशी राहिलेल्या बाजूचे रिसेप्टर अतिसंवेदनशील झालेले असतात. आता तोच बैल जास्त जोर लावतो आणि उंदीर विरुद्ध दिशेने फिरतो.

उंगरस्टेट आणि आर्बथनॉट यांनी १९७० मध्ये हे फिरणं मोजण्याची रीत बसवली. उंदराला अर्धगोल भांड्यात ठेवायचं, अंगाला पट्टा बांधायचा, पट्ट्याची तार वर मोजणाऱ्या यंत्राला जोडायची. मिनिटाला किती फेऱ्या, कुठल्या दिशेने, सगळं आकड्यांत.

या मॉडेलची खरी ताकद या आकड्यातच होती. एका उंदराच्या मेंदूत पेशी किती मेल्या असतील, याचा अंदाज त्याला न मारता घेता यायला लागला. उपचार दिल्यावर त्याच उंदरात फरक मोजता यायला लागला. आजही पेपर वाचताना तुम्हाला दिसेल, की मिनिटाला ठरावीक फेऱ्यांपेक्षा कमी फिरणारे उंदीर प्रयोगात घेतलेलेच नसतात.

पण आत्ताच एक गोष्ट मनात नोंदवून ठेवा. हा आकडा दोन बाजूंमधला तोल मोजतो. उंदीर पंजाने दाणा नीट उचलतो का, हे त्यातून कळत नाही.

डोळ्यातून मेंदूकडे

मेंदूचा तुकडा दुसऱ्या मेंदूत लावण्याचे प्रयत्न जुने आहेत. १८९० मध्येच न्यूयॉर्कच्या गिल्मन थॉम्पसन यांनी मांजराच्या मेंदूचा तुकडा कुत्र्याच्या मेंदूत ठेवून पाहिला होता. असले प्रयोग पुढे नेता आले नाहीत, कारण आत ठेवलेलं जगलं की मेलं आणि जगलं तर काय करतंय, हे बघायचं साधन नव्हतं.

ते साधन स्वीडनमध्ये तयार झालं. १९६२ च्या सुमारास फाल्क आणि हिलार्प यांनी एक पद्धत शोधली. मेंदूचा वाळवलेला काप फॉर्मल्डिहाइडच्या वाफेत ठेवला की त्यातलं डोपामिन सूक्ष्मदर्शकाखाली हिरवं चमकतं. दोन वर्षांत डाल्स्ट्रोम आणि फुक्से यांनी या पद्धतीने मेंदूतल्या अशा पेशींचे नकाशे काढले. पेशी-प्रत्यारोपणाचं बरंचसं सुरुवातीचं काम स्वीडनमध्येच का झालं, असा प्रश्न मला पडायचा. त्याचं उत्तर बऱ्याच अंशी या हिरव्या रंगात आहे. त्यांना डोपामिन *दिसत* होतं.

मग लार्स ओल्सन आणि ओके सायगर यांनी उंदराच्या भ्रूणातली मेंदूची ऊती प्रौढ उंदराच्या डोळ्यात, बुबुळासमोरच्या पोकळीत ठेवली. डोळाच का? तिथे ऊतीला पोषण मिळतं आणि पारदर्शक पटलातून बाहेरूनच तिची वाढ बघता येते. ऊती जगली, तिच्यातून धागे फुटले. भ्रूणाच्या पेशी जगतात आणि प्रौढ पेशी जगत नाहीत, हेही हळूहळू स्पष्ट झालं.

आणि मग १९७९. एकाच वर्षी दोन पेपर आले. एक अमेरिकेतून 'सायन्स'मध्ये, पर्लो, विल्यम फ्रीड आणि सहकाऱ्यांचा. त्यात ओल्सन आणि सायगरही होते. दुसरा लुंडमधून, आंदेर्स ब्योर्कलुंड आणि उल्फ स्टेनेवी यांचा. दोघांनीही एका बाजूचं डोपामिन नष्ट केलेल्या उंदरांत भ्रूणाच्या मध्यमेंदूची ऊती बसवली. अमेरिकी गटाने ती स्ट्रायटमशेजारच्या द्रवाने भरलेल्या पोकळीत ठेवली, लुंडच्या गटाने स्ट्रायटमच्या वर कॉर्टेक्समध्ये जागा करून तिथे. ग्राफ्ट, म्हणजे बसवलेली ऊती, जगला. धागे स्ट्रायटमपर्यंत पोचले. आणि उंदरांचं फिरणं कमी झालं.

'थांबलं' आणि 'ग्राफ्टमुळे थांबलं' यात फरक आहे

इथे थोडं थांबू, कारण संशोधन शिकणाऱ्यांसाठी सगळ्यात मोलाचा भाग हा आहे. उंदीर फिरायचा थांबला हे खरं. पण कशामुळे? ग्राफ्टमधल्या डोपामिनमुळे? ऑपरेशनच्या जखमेमुळे मेंदूत काही बदल झाल्यामुळे? की उंदराचे स्वतःचे उरलेसुरले न्यूरॉन सावरल्यामुळे?

ऐंशीच्या दशकात लुंडच्या गटाने, स्टीफन डनेट यांच्यासह, हे प्रश्न एकेक करून सोडवले. ग्राफ्ट काढून टाकला तर उंदीर पुन्हा फिरायला लागतो का? लागतो. ग्राफ्ट स्ट्रायटमच्या वरच्या भागाजवळ ठेवला तर फिरणं सुधारतं; बाजूच्या भागात ठेवला तर अंगाला स्पर्श झाल्यावर तिकडे वळण्याची क्षमता सुधारते. म्हणजे जिथे धागे पोचतात तिथलंच काम परत येतं. आणि पंजाने दाणे उचलण्यासारख्या नाजूक हालचाली बहुतेक वेळा सुधारतच नाहीत.

पुढे एक अस्वस्थ करणारी गोष्टही कळली. ॲम्फेटामिनवरचं फिरणं थांबायला ग्राफ्टमधले काही शे डोपामिन न्यूरॉन जगले तरी पुरतं. उंदराच्या सब्स्टॅन्शिया नायग्रात एका बाजूला असे साधारण दहा-बारा हजार न्यूरॉन असतात. म्हणजे मूळ ऐवजाचा अगदी थोडा भाग परत आला तरी आकडा 'पूर्ण बरा' दाखवतो. काही उंदीर तर उलट दिशेने फिरायला लागतात. मग त्यांना काय, बरं होऊन पलीकडे गेले म्हणायचं?

हाच कारणाचा प्रश्न २०१५ मध्ये स्टाइनबेक, लोरेन्झ स्टुडर आणि सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीने विचारला. त्यांनी मानवी स्टेम सेलपासून बनवलेल्या न्यूरॉनमध्ये प्रकाशाने बंद होणारं प्रथिन घातलं आणि ते न्यूरॉन माऊसमध्ये बसवले. हालचाल सुधारली. मग प्रकाश टाकून पेशी गप्प केल्या आणि सुधारणा नाहीशी झाली. प्रकाश काढला, पुन्हा आली. १९८० च्या आसपास चाकूने विचारलेला प्रश्न ३५ वर्षांनी प्रकाशाने विचारला गेला. तंत्र बदललं, विचार तोच.

घाईची गोष्ट

१९८१ मध्ये विल्यम फ्रीड यांच्या गटाने 'नेचर'मध्ये दाखवलं, की मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीच्या आतल्या भागातल्या पेशी मेंदूत ठेवल्या तरी उंदराचं फिरणं कमी होतं. या पेशी थोडं डोपामिन बनवतात. आणि इथे भ्रूणाची गरज नाही, पेशंटचीच ग्रंथी वापरता येते. नैतिक अडचण नाही, शरीराने पेशी नाकारण्याची भीती नाही.

पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, स्टॉकहोममध्ये पहिल्या पेशंटवर ऑपरेशन झालं. फायदा थोडा आणि तात्पुरता. पण १९८७ मध्ये मेक्सिकोहून इग्नासिओ माद्राझो यांनी दोन तरुण पेशंटमध्ये नाट्यमय सुधारणा झाल्याचं प्रसिद्ध केलं, आणि जगभर ऑपरेशनांची रांग लागली. दोन-तीन वर्षांत शेकडो पेशंटवर ही शस्त्रक्रिया झाली. पोटाचं एक ऑपरेशन, मेंदूचं एक. नंतर काय दिसलं? फायदा मर्यादित, टिकणारा नाही, गुंतागुंत बरीच. आणि मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत ॲड्रिनलच्या पेशी फारशा जगलेल्याच नव्हत्या.

मग उंदीर खोटं बोलला का? नाही. त्याला विचारलं होतं, 'तोल बदलला का?' त्याने 'हो' म्हटलं. पेशी किती जगल्या, किती काळ जगल्या, हे नीट विचारून होण्याआधीच माणसं टेबलावर होती. १९८७ मध्येच मार्था बॉन यांच्या गटाने एमपीटीपी दिलेल्या माऊसमध्ये दाखवलं, की ॲड्रिनल ग्राफ्टनंतर मेंदूचे *स्वतःचे* डोपामिनचे धागे सावरतात. म्हणजे सुधारणा ग्राफ्टच्या डोपामिनमुळेच होते, हे गृहीतकसुद्धा पक्कं नव्हतं.

एका बनावट ड्रगने दिलेलं मॉडेल

आत्ता एमपीटीपीचं नाव आलं, त्याची गोष्ट सांगायलाच हवी. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक दगडासारखे थिजले. हलता येईना, बोलता येईना, म्हाताऱ्या पार्किन्सन्सच्या पेशंटसारखी अवस्था. विल्यम लँग्स्टन आणि सहकाऱ्यांनी माग काढला. चोरून बनवलेल्या हेरॉइनसारख्या ड्रगमध्ये चुकून एमपीटीपी हे रसायन तयार झालं होतं. मेंदूत गेल्यावर त्याचं एमपीपी-प्लस होतं, डोपामिनचे न्यूरॉन ते आत ओढतात आणि त्यांचे मायटोकॉन्ड्रिया बंद पडतात.

रॅटवर याचा फारसा परिणाम होत नाही, माकडांवर माणसासारखाच होतो. १९८३ पासून माकडांचं मॉडेल तयार झालं आणि १९८६ पर्यंत त्यांच्यात भ्रूणाच्या पेशींचे ग्राफ्टही झाले. आता गोल फिरणाऱ्या उंदराच्या पुढचं काहीतरी हाती आलं. माकड थरथरतं, वाकतं, हात वापरायचं टाळतं.

आणि कॅलिफोर्नियाच्या त्या तरुणांपैकी दोघांवर पुढे लुंडमध्ये भ्रूणाच्या पेशींचं प्रत्यारोपण झालं. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पेपरमध्ये दोघांच्याही हालचालीत चांगली सुधारणा नोंदलेली आहे. लक्षात घ्या, त्यांचा आजार एका घावाने आलेला होता, पुढे वाढत जाणारा नव्हता. म्हणजे हे दोन पेशंट आपल्या प्राण्यांच्या मॉडेलशी सगळ्यात जास्त जुळणारे होते.

मॉडेलने न सांगितलेल्या दोन गोष्टी

लुंडमध्ये १९८७ पासून भ्रूणाच्या पेशी पार्किन्सन्सच्या पेशंटमध्ये बसवायला सुरुवात झाली. पहिल्या दोन पेशंटमध्ये फारसा फायदा दिसला नाही, पण तंत्र सुधारल्यावर १९९० मध्ये ओले लिंडवाल यांच्या गटाने ग्राफ्ट जगल्याचं आणि हालचाल सुधारल्याचं दाखवलं. अमेरिकेत १९८८ पासून यासाठी सरकारी निधी बंद होता, तो १९९३ मध्ये खुला झाला. आणि तिथे दोन मोठ्या चाचण्या झाल्या, खोट्या शस्त्रक्रियेच्या कंट्रोल ग्रुपसह. खोटी शस्त्रक्रिया म्हणजे कवटीला छिद्र पाडायचं, पण पेशी घालायच्या नाहीत. पेशंटला स्वतःला कुठली झाली ते माहीत नाही.

२००१ मध्ये कर्ट फ्रीड यांच्या गटाची ४० पेशंटची चाचणी प्रसिद्ध झाली. (हे फ्रीड वेगळे, गल्लत करू नका. मी सेमिनारमध्ये केली होती.) मुख्य निकषावर फरक दिसला नाही, साठीच्या आतल्या पेशंटमध्ये काही सुधारणा दिसली. २००३ मध्ये ओलॅनो यांच्या गटाच्या ३४ पेशंटच्या चाचणीतही एकूण फरक ठरला नाही. पण धक्का वेगळाच होता. पहिल्या चाचणीत ग्राफ्ट मिळालेल्यांपैकी १५ टक्के पेशंटना, आणि दुसरीत निम्म्याहून जास्त पेशंटना, गोळी न घेताही डिस्कायनेशिया सुरू झाला. गोळीमुळे होणारा डिस्कायनेशिया गोळी कमी केली की कमी होतो. मेंदूत बसवलेल्या पेशी कमी कशा करणार?

इतकी वर्षं शेकडो उंदरांत ग्राफ्ट झाले होते. हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण ते कुणी मोजलंच नव्हतं. प्रयोगातल्या उंदरांना ग्राफ्टआधी महिनोन्‌महिने एल-डोपा दिलेलं नसायचं, पेशंटना मात्र ते वर्षानुवर्षं मिळालेलं असतं. आणि उंदरातला डिस्कायनेशिया मोजण्याची पट्टी आंजेला चेंची यांनी ब्योर्कलुंड यांच्यासह १९९८ मध्ये मांडली. माणसांतली ऑपरेशनं सुरू होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

मग लोक पुन्हा उंदरांकडे वळले. आधी एल-डोपा देऊन तयार केलेल्या उंदरांत ग्राफ्ट केले, आणि आता त्या हालचाली दिसल्या. २००७ मध्ये उंदरांत दिसलं, की ग्राफ्टमध्ये सेरोटोनिनचे न्यूरॉन जास्त असतील तर एल-डोपामुळे होणारा डिस्कायनेशिया आणखी वाढतो. २०१० मध्ये पोलितिस आणि सहकाऱ्यांनी ग्राफ्ट झालेले दोन पेशंट तपासले. त्यांच्या मेंदूत सेरोटोनिनचे धागे वाजवीपेक्षा जास्त होते, आणि सेरोटोनिनला आवर घालणाऱ्या बस्पिरोन या औषधाने त्या हालचाली कमी झाल्या. बघा, उंदराला योग्य प्रश्न विचारल्यावर त्याने उत्तर दिलं.

दुसरी गोष्ट २००८ ची. ग्राफ्टनंतर अकरा ते सोळा वर्षांनी वारलेल्या काही पेशंटच्या मेंदूत बसवलेल्या पेशी जिवंत सापडल्या. पण त्यातल्या काहींमध्ये ल्यूई बॉडी होत्या, म्हणजे पार्किन्सन्सची ओळख असलेले प्रथिनांचे गोळे. भ्रूणातून आलेली तरुण पेशी पेशंटच्या मेंदूत राहून आजारी पडली होती. ६-हायड्रॉक्सीडोपामिनचा उंदीर हे कधीच सांगू शकला नसता. त्याच्या मेंदूत आजार नसतोच, असतो तो एका दिवसात केलेला घाव.

आणि आता

भ्रूणाची ऊती एकसारखी मिळत नाही, एका पेशंटसाठी अनेक भ्रूण लागतात. म्हणून स्टेम सेलकडे मोर्चा वळला. २०११ मध्ये क्रिक्स, स्टुडर आणि सहकाऱ्यांनी मानवी भ्रूण-स्टेम सेलपासून बनवलेले डोपामिन न्यूरॉन माऊस, रॅट आणि माकड अशा तिन्हींत जगवून दाखवले. २०१७ मध्ये क्योटोच्या जुन ताकाहाशी यांच्या गटाने आयपीएस सेलपासून बनवलेले न्यूरॉन एमपीटीपी दिलेल्या माकडांत दोन वर्षांपर्यंत पाहिले. हालचाल सुधारली, गाठी झाल्या नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये माणसांवरच्या दोन छोट्या चाचण्या एकत्र आल्या. क्योटोची सात पेशंटची आणि अमेरिका-कॅनडातली बारा पेशंटची. पेशी जगल्या, डोपामिन बनवू लागल्या, गाठी झाल्या नाहीत. पण या चाचण्या सुरक्षितता बघण्यासाठी होत्या आणि कंट्रोल ग्रुप नव्हता. २००१ ची गोष्ट वाचलेला माणूस यावर लगेच टाळ्या वाजवत नाही, थांबून बघतो.

माझा उंदीर क्रमांक ११

माझ्या पहिल्या बॅचमध्ये ११ नंबरचा एक उंदीर होता. ग्राफ्टनंतर आठवड्यांमागून आठवडे गेले आणि त्याचं ॲम्फेटामिनवरचं फिरणं जवळजवळ शून्यावर आलं. मी आनंदाने गाइडच्या केबिनमध्ये ग्राफ घेऊन गेले. सर म्हणाले, "सिलिंडर टेस्ट केलीस का?" या टेस्टमध्ये उंदराला काचेच्या नळकांड्यात ठेवतात. तो मागच्या पायांवर उभा राहून भिंतीला कुठला पंजा लावतो ते मोजायचं, औषध वगैरे काही द्यायचं नाही. मी केली. ११ नंबर जवळपास प्रत्येक वेळी चांगलाच पंजा लावत होता. बिघडलेला पंजा छातीशी धरलेला, ग्राफ्टआधी होता तसाच.

पुढे त्याच्या मेंदूचे काप बघितले. ग्राफ्ट लहान होता, धागे एका कोपऱ्यापुरते. फिरणं थांबायला पुरेसे, पंजा वापरायला अपुरे. तो काप बघताना मला त्या मॅडमचा प्रश्न आठवला.

आज कुणी विचारलं तर मी म्हणेन: "मॅडम, त्या उंदराला पार्किन्सन्स नव्हताच. त्याच्या मेंदूच्या एका बाजूचं डोपामिन गेलं होतं. ग्राफ्टने त्यातलं काही परत आणलं, इतकं की दोन बाजूंचा तोल सावरला. ग्राफ्ट काढल्यावर फिरणं परत आलं तर ते ग्राफ्टमुळेच थांबलं होतं असं मी म्हणू शकते. पंजा सुधारला का, डिस्कायनेशिया झाला का, दहा वर्षांनी पेशी निरोगी राहतील का, हे मला वेगळं विचारावं लागेल. त्यातलं शेवटचं या उंदराला विचारताच येणार नाही."

तुम्ही कुठल्याही आजारावर काम करणार असाल, मधुमेह, कॅन्सर, अल्झायमर्स, तर मॉडेल निवडताना हे प्रश्न वहीत लिहून काढा. या प्राण्यात आजार आहे की फक्त आजाराचा एक परिणाम आहे? मी जो आकडा मोजतेय तो नेमकं काय मोजतो, आणि तो किती थोड्या बदलाने हलतो? पेशंट ज्या औषधांवर असतो, ज्या वयाचा असतो, तसा माझा प्राणी आहे का? सुधारणा माझ्या उपचारामुळेच झाली हे मी कसं सिद्ध करणार? आणि वाईट परिणाम शोधायची सोय मी केली आहे का, की फक्त चांगला परिणाम मोजतेय?

प्राण्यांवर प्रयोग करायचा तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीचा फॉर्म भरावा लागतो. किती प्राणी, का, दुसरा मार्ग का नाही, सगळं लिहावं लागतं. सुरुवातीला मला ते किचकट कागदी काम वाटायचं. आता तो फॉर्म भरताना मी वरचे प्रश्न आधी सोडवते. प्रत्येक उंदीर शेवटी मारावाच लागतो, मेंदूचे काप त्याशिवाय होत नाहीत. मग त्याला विचारलेला प्रश्न तरी नीट असावा, एवढी जबाबदारी आपली आहे.

पुढच्या भागात सिलिंडर टेस्ट आणि स्टेपिंग टेस्ट कशा करतात, व्हिडिओ मोजताना कुठे चुका होतात, ते सविस्तर लिहीन. तोवर १९७९ चे ते दोन्ही पेपर मिळाले तर वाचून काढा. फार मोठे नाहीत.